छोट्या संगणकाचा गोतावळा

शाहूपुरीतल्या एखाद्या कर सल्लागाराच्या कचेरीत जाऊन टेबलामागं वाकून बघा. कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, स्कॅनर, बॅकअपची हार्डडिस्क आणि डिजिटल सहीचं टोकन. टोकनही एक नव्हे, अशिलागणिक एक, नावाची चिठ्ठी चिकटवून ड्रॉवरमध्ये ठेवलेलं. महा ई-सेवा केंद्रात यात अंगठ्याचं यंत्र आणि वेबकॅमची भर पडते, लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडं कार्ड रीडर आणि डिस्कांची चळत असते. उद्यमनगरात तर संगणकाला लेथ नाहीतर मिलिंग मशीनच जोडलेलं असतं. उभ्या कॅबिनेटच्या जमान्यात मागं सहा आणि पुढं दोन यूएसबी पोर्ट असायचे, कमी पडले तर आत एक कार्ड बसायचं, आणि प्रश्न मिटायचा. आता टेबलावर तळहाताएवढा संगणक आला आहे. त्याला पोर्ट मोजके, आत कार्ड बसवायला जागा नाही, आणि गोतावळा मात्र पूर्वीएवढाच.

हा गोतावळा नीट कसा जोडावा, हब घ्यावा की डॉक, आणि घेताना काय बघावं, हा या पुस्तिकेचा विषय.

लहान संगणक ही तशी नवी गोष्ट नाही. ॲपलचा पहिला मॅक मिनी जानेवारी 2005मध्ये आला. साडेसहा इंच चौरस, दोन इंच जाड, मागं दोन यूएसबी आणि एक फायरवायर. 2014च्या मिनीला चार यूएसबी, दोन थंडरबोल्ट, एचडीएमआय, कार्डाची खाच, आवाज आत घेण्याची जागा असं भरलेलं ताट होतं. 2020च्या एम-1 मिनीत ते निम्म्यावर आलं. ऑक्टोबर 2024मध्ये जाहीर झालेला एम-4 मिनी पाच इंच चौरसात मावला. त्याला पुढं दोन आणि मागं तीन टाइप-सी पोर्ट आहेत, शिवाय एचडीएमआय, नेटवर्क आणि हेडफोन, पण जुनी चपटी यूएसबी एकही नाही. भारतात तो 59,900 रुपयांपासून सुरू झाला आणि मराठी डीटीपी, फोटो, व्हिडिओ करणाऱ्यांपैकी ज्यांनी मॅकचा विचारही कधी केला नव्हता, तेही चौकशी करू लागले. विंडोजच्या बाजूला इंटेलनं 2012च्या सुमारास चार इंच बोर्डाचा नक् आणला. जुलै 2023मध्ये इंटेलनं त्यातून अंग काढून घेतलं आणि तो धंदा असूसनं पुढं चालवला. याखेरीज लेनोवो, डेल, एचपी यांच्या एक लिटर आकाराच्या पेट्या आहेत. मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांतून निघालेल्या अशा पेट्या जुन्या बाजारात बऱ्या किमतीला मिळतात, आणि माझ्या मते साध्या कार्यालयाला त्या पुष्कळ झाल्या.

कोल्हापूरकराला वस्तू उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. बाबूराव पेंटरांनी आणि त्यांच्या साथीदारांनी परदेशी कॅमेऱ्याचं यंत्र समजून घेऊन इथं स्वतःचा कॅमेरा जुळवला आणि त्याच कॅमेऱ्यावरच्या कामातून 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. उद्यमनगरातली निम्मी हुशारी याच खोडीतून आली आहे. पण एम-4 मिनीसारखी पेटी या खोडीला दाद देत नाही. रॅम चिपच्या पाकिटातच बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. आतली एसएसडी काढता येते, पण ती बाजारात मिळणाऱ्या साच्याची नाही. म्हणजे रॅमबद्दलचा निर्णय खरेदीच्या दिवशीच घ्यायचा, आणि बाकीची सगळी वाढ पेटीच्या बाहेर, वायरीच्या टोकाला करायची. एक लिटरच्या विंडोज पेट्यांत अजून झाकण उघडून रॅम बदलता येते. ज्याला हात चालवायचे आहेत त्यानं तिकडं वळावं.

आता हब आणि डॉक. दुकानात हे दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरले जातात, पण घेणाऱ्यानं तसं करू नये. डॉक हा मुळात लॅपटॉपवाल्यासाठी निघाला. तो संध्याकाळी ऑफिसातून उठतो, एक वायर उपसतो आणि लॅपटॉप घेऊन जातो. सकाळी एकच वायर लावली की पडदा, नेटवर्क, कीबोर्ड आणि चार्जिंग सगळं चालू. या चार्जिंगसाठीच डॉकला शंभर वॉटच्या आसपास वीज द्यावी लागते, म्हणून त्याच्याबरोबर विटेएवढा अ‍ॅडॉप्टर येतो आणि किंमत फुगते. चांगल्या थंडरबोल्ट डॉकची किंमत मिनीच्या मूळ किमतीच्या निम्म्याच्या घरात जाते. टेबलावरच्या संगणकाला यातलं काय लागतं? चार्जिंग लागत नाही. एचडीएमआय त्याला स्वतःचं आहे, नेटवर्कही आहे. तरी लोक हजारो रुपये घालून जे पेटीत आहे तेच पुन्हा विकत घेतात, कारण जाहिरातीत लिहिलेलं असतं ‘चौदा पोर्ट’.

माझं मत सरळ आहे. दहातल्या नऊ जणांना डॉक नको, बरा हब पुरतो. डॉक घ्यावा तो ज्याच्याकडं लॅपटॉप आणि मिनी दोन्ही आहेत आणि एकच पडदा दोघांत वाटायचा आहे त्यानं. नाहीतर ज्याला खरोखरच एका वायरीवर दोन वेगवान डिस्का, वेगवान नेटवर्क आणि पडदा चालवायचा आहे त्यानं.

दुकानातला संवाद बहुतेक एवढाच होतो:

“दादा, किती पिना बसत्यात?”

“सात बसत्यात की.”

सात बसतात हे खरंच असतं. सात चालतील का, हे कुणी विचारत नाही. सातही पोर्टांमागं संगणकाकडं जाणारी वायर एकच असते. एका मोटारीवर सात जणांची रानं भिजवायची म्हटलं तर प्रत्येकाच्या सरीत किती पाणी येणार, हे करवीर तालुक्यातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. हबवर तेच होतं. दहा गिगाबिटच्या एका पोर्टावर हब लावला आणि त्यावर दोन एसएसडी एकाच वेळी चालवल्या, तर ते दहा दोघींत वाटले जातात. कीबोर्ड, माऊस, टोकन, प्रिंटर यांना नावापुरताच वेग लागतो, ते कितीही लावा. म्हणून वेगवान डिस्क थेट पेटीला आणि सावकाश चालणारी मंडळी हबवर, ही वाटणी आधी ठरवावी. चुकीच्या जागी लावलेल्या महागड्या एसएसडीपेक्षा योग्य जागी लावलेली मध्यम एसएसडी कामाला येते.

वेगाची नावं हा एक स्वतंत्र वैताग आहे. यूएसबी हे खरं तर गोंधळ संपवण्यासाठीच निघालं होतं. नव्वदच्या दशकात इंटेलमध्ये त्याची आखणी करणाऱ्यांत बडोद्यात शिकलेले अजय भट्ट आघाडीवर होते. 2000 साली आलेलं यूएसबी 2.0 सेकंदाला 480 मेगाबिट नेतं, 2008चं 3.0 पाच गिगाबिट. इथवर सगळं ठीक. मग त्याच पाच गिगाबिटवाल्याचं नाव ‘3.1 जेन 1’ झालं आणि पुढं ‘3.2 जेन 1’. म्हणजे खोक्यावर 3.2 छापलेला हब 2008च्याच वेगाचा असू शकतो, आणि त्यात कायद्यानं फसवणूकही नाही. त्यामुळं आवृत्तीचा आकडा वाचूच नये. पाच, दहा, वीस, चाळीस यांपैकी किती गिगाबिट, एवढंच विचारावं. वीसमध्येही एक खोच आहे: वीस गिगाबिटची म्हणून विकली जाणारी यूएसबी एसएसडी एम-4 मिनीला लावली तर दहावरच चालते. मॅकवाल्यानं दहाची घ्यावी किंवा सरळ चाळीसची, मधल्यात पैसे घालू नयेत.

आणि वायर. मोबाईलच्या चार्जरबरोबर आलेली टाइप-सी वायर दिसायला हुबेहूब तशीच असते, पण तिच्यात बहुधा यूएसबी 2.0च्याच तारा असतात. लग्नाचं पाचशे जीबी शूटिंग पाच गिगाबिटच्या जोडणीवर साधारण वीस मिनिटांत उतरतं. तेच चार्जिंगच्या वायरीवर साडेतीन तास घेतं. डिस्क खराब झाली म्हणून परत करायला आणणाऱ्यांची डिस्क पुष्कळदा ठणठणीत असते, वायर बदलली की काम होतं. चाळीस गिगाबिटची साधी वायर जेमतेम पाऊण-एक मीटरच लांब असू शकते. त्याहून लांब हवी असेल तर आत चिप असलेली घ्यावी लागते आणि तिचे पैसे वेगळे. डिस्क टेबलाखाली ठेवायचा बेत असेल तर तो आधी टेपनं मोजून घ्यावा.

विजेकडं वळू. जुना यूएसबी 2.0 पोर्ट अडीच वॉट देतो, 3.0 साडेचार वॉट, टाइप-सी पंधरा वॉटपर्यंत जातो. बिनअ‍ॅडॉप्टरचा हब हे सगळं त्या एका पोर्टाकडूनच मागून आणतो. त्यावर कीबोर्ड, माऊस, टोकन लावलं तर कुणाला पत्ताही लागत नाही. पण दोन फिरत्या हार्डडिस्का लावल्या की मोटार सुरू होतानाच दम संपतो. डिस्कमधून टिक्-टिक् आवाज येतो, पडद्यावर चिन्ह उमटतं आणि जातं, पुन्हा उमटतं. हा आवाज ऐकल्यावर पहिलं काम म्हणजे ती डिस्क हबवरून काढून थेट पेटीला लावणं, कारण अशा अर्धवट विजेवर लिहिताना फायली तुटतात.

अ‍ॅडॉप्टरवाला हब घेतला की ही काळजी मिटते आणि दुसऱ्या दोन सुरू होतात. पहिली: अ‍ॅडॉप्टरची गोल पिन. घरातल्या राऊटरचा बारा व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर पाच व्होल्टच्या कितीतरी हबांना तंतोतंत बसतो. बसला म्हणून लावला की हब तर जातोच, कधी त्याच्यावरची डिस्कही बरोबर नेतो. म्हणून हबच्या अ‍ॅडॉप्टरवर पहिल्याच दिवशी मार्करनं ‘हब’ असं लिहून टाकावं, आणि घेताना त्यावर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह व आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघावं. दुसरी काळजी आपल्याकडच्या विजेची. संगणक यूपीएसवर असतो, पडदाही असतो. हबचा अ‍ॅडॉप्टर मात्र नंतर आला म्हणून भिंतीवरच्या साध्या बोर्डात जातो. लाइट गेली की संगणक चालूच राहतो, आणि बॅकअप घेत असलेली डिस्क मात्र हबबरोबर बंद पडते. संगणक चालू दिसतो म्हणून माणूस निर्धास्त असतो, हा त्यातला खरा धोका. यूपीएसच्या मागं एक जागा हबसाठी राखून ठेवावी, मग यूपीएस थोडा मोठा घ्यावा लागला तरी चालेल.

उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या मंडळींसाठी या पुस्तिकेत एक मोठं प्रकरण आहे, आणि ते लिहिताना मला सगळ्यात मजा आली. तिथं वेगाला काडीची किंमत नाही. कितीतरी जुन्या सीएनसी मशीनना प्रोग्रॅम जातो तो आरएस-232 या सीरियल जोडणीवरून. मशीनच्या कॅबिनेटवर पंचवीस पिनांचा सॉकेट, संगणकाच्या बाजूला नऊ पिनांचा, आणि वेग सेकंदाला 4,800 किंवा 9,600 बिट. म्हणजे फार तर यूएसबी 2.0चा पन्नास हजारावा हिस्सा. पण ही जोडणी तुटता कामा नये. साच्याचा लांबलचक प्रोग्रॅम मशीनच्या मेमरीत मावत नाही म्हणून तो तुकड्यातुकड्यानं पाठवत राहतात. अशा वेळी मधेच वायर गप्प झाली तर कटर धातूत तसाच उभा राहतो आणि जॉबवर खूण पडते. ती खूण मग कुणाच्या पगारातून जाते, हे सांगायला नको.

छोट्या पेटीला नऊ पिनांचा सॉकेट नसतो म्हणून यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर येतो. त्यात खरी गंमत आहे. कन्व्हर्टरमधली चिप अस्सल असेल तर तिच्यात स्वतःचा अनुक्रमांक असतो आणि विंडोज तिला ओळखून तोच कॉम नंबर देतं. स्वस्तातल्या कन्व्हर्टरला अनुक्रमांक नसतो. तो हबच्या एका पोर्टातून काढून शेजारच्या पोर्टात घातला की कॉम 3चा कॉम 5 होतो, आणि सॉफ्टवेअर कॉम 3वरच हाका मारत बसतं. झाडलोट करताना वायर निघाली, मुलानं दुसऱ्या भोकात लावली, आणि अख्खी सकाळ मशीन बंद, असं यामुळं घडतं. नकली चिपांचा त्रास याहून वेगळा. 2014मध्ये एफटीडीआय कंपनीच्या नव्या ड्रायव्हरनं नकली चिपा ओळखून त्या निकामीच करून टाकल्या होत्या, आणि त्यावर जगभर ओरड झाली. प्रोलिफिकचे नवे ड्रायव्हरही नकली चिपेला चालू व्हायला नकार देतात. दोनशे रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

शॉपमध्ये संगणक ऑफिसात आणि मशीन लांब असतं. अशा वेळी यूएसबीची वायर लांबवायचा मोह होतो. यूएसबी 2.0ची मर्यादा पाच मीटर आहे, सीरियलची पंधरा मीटरपर्यंत जाते. म्हणून कन्व्हर्टर संगणकाजवळ, थेट पेटीला, आणि लांबी सगळी सीरियलच्या बाजूला. हबवर तो लावूच नये. विंडोज वीज वाचवण्यासाठी यूएसबी पोर्ट झोपवतं, ती सोयही बंद करून ठेवावी. अर्थिंग चांगलं नसेल तर यातलं काहीच टिकत नाही. आणि ज्याला नवी पेटी घ्यायचीच आहे त्यानं एक लिटरच्या पेट्यांत सीरियल पोर्टाची सोय असलेलं मॉडेल शोधावं. लेनोवो आणि डेल यांच्याकडं ती मागणीनुसार मिळते. मग कन्व्हर्टरचीच गरज उरत नाही.

बाकीच्या गोष्टी पुस्तिकेत आहेत, इथं दोन-तीनच सांगतो. बिनवायरचा माऊस डिस्कवर कॉपी सुरू झाली की अडखळायला लागतो, आणि लोक माऊसचे सेल बदलतात. दोष सेलचा नसतो. यूएसबी 3.0च्या जोडणीतून 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट बाहेर पडतो, आणि माऊसचा रिसीव्हर नेमका तिथंच ऐकत असतो. इंटेलनं 2012 सालीच हे लिहून ठेवलं आहे. रिसीव्हर डिस्कच्या शेजारून उचलून यूएसबी 2.0च्या हातभर एक्स्टेन्शनवर, कीबोर्डजवळ ठेवला की माऊस सुधारतो. पडद्यांच्या बाबतीत मॅकवाल्यानं सावध राहावं: ‘दोन एचडीएमआय’ लिहिलेले बरेच स्वस्त हब विंडोजवर दोन वेगळे पडदे देतात, मॅकवर मात्र दोन्हींवर एकच चित्र येतं. एम-4 मिनी मुळात तीन पडदे चालवतो. त्याच्याच पोर्टांतून ते काढावेत.

मिनीच्या खाली बसणारे, त्याच्याच रंगाचे, पोटात एसएसडी घेणारे हब सध्या फार खपतात. ते दिसतात देखणे, त्याबद्दल वाद नाही. पण एम-4 मिनी हवा घेतो आणि सोडतो ती तळातूनच, आणि सुरू करायचं बटणही मागच्या कोपऱ्यात खालच्या अंगाला आहे. खालच्या हबनं हवेची वाट मोकळी ठेवली आहे का आणि बटणापाशी खाच दिली आहे का, हे हातात घेऊन बघावं. त्यात बसणारी एसएसडी बहुधा दहा गिगाबिटलाच अडकते आणि तेही हबवरच्या इतरांबरोबर वाटून घेते. व्हिडिओच्या चालू कामाची डिस्क त्यात ठेवू नये, जुन्या कामांचा साठा खुशाल ठेवावा. फाउंड्रीच्या आसपास, जिथं हवेतच काळी वाळू असते, तिथं असला तळाशी चिकटणारा हब मी कुणाला सुचवणार नाही.

2019च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021च्या जुलैत पंचगंगेचं पाणी व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीपर्यंत आलं. तेव्हापासून त्या भागात कचेरी थाटणारा माणूस संगणक घेताना तो पटकन उचलून वरच्या मजल्यावर नेता येईल का, असंही विचारतो. छोट्या पेटीचा हा गुण कुठल्याही जाहिरातीत सापडायचा नाही. गोतावळा एका हबवर असला तर तीन-चार वायरी उपसून पेटी आणि बॅकअपची डिस्क पिशवीत जाते. मात्र त्यासाठी कुठली वायर कशाची, ते आधीच चिकटपट्टीवर लिहिलेलं हवं. रात्री लाइट गेलेली असताना टॉर्चच्या उजेडात शोधत बसायला वेळ नसतो.

या पुस्तिकेत कुठल्याही हबचं मॉडेल ‘हेच घ्या’ म्हणून सुचवलेलं नाही. आज मिळणारा हब सहा महिन्यांनी त्याच नावाखाली वेगळी चिप घालून विकला जातो, आणि किमतीचंही तसंच. त्याऐवजी पहिल्या पानावर एक कोरा तक्ता आहे. त्यात आपल्या टेबलावरची प्रत्येक वस्तू, तिची पिन चपटी की टाइप-सी, ती कायम लागलेली असते की अधूनमधून, आणि तिला वीज वेगळी आहे की नाही, हे पेन्सिलीनं भरायचं आहे. तो तक्ता घेऊनच राजारामपुरीत जावं. दुकानदार आधी जरा वैतागेल, मग चष्मा लावून वाचेल आणि बहुधा मागं ठेवलेला दुसराच हब काढून दाखवेल.